थुंकलेला चहा

मध्यंतरी माझा चेहरा औषधांच्या दुकानात मिळत होता. गल्ल्याशेजारी, खोकल्याच्या गोळ्यांच्या बाजूला हिरवे डबे मांडलेले, आणि प्रत्येक डब्यावर मी हातात पांढरा कप धरून हसतेय. खाली ठळक अक्षरांत: 'आयुष्यभर चहा, आयुष्यभर आरोग्य.' त्याखाली बारीक, पण आजारी माणसाला वाचता येईल इतपतच बारीक अक्षरांत: 'चहाच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी नष्ट होतात, आमच्या प्रयोगशाळेत सिद्ध.' डब्यात चहाच्या अर्काच्या गोळ्या.

तो फोटो मी डब्यासाठी दिला नव्हता. कंपनीच्या वर्धापनदिनाचा अंक निघणार होता, त्यात जुन्या माणसांचं एक पान होतं, त्यासाठी काढला होता. पुढे जाहिरात खात्याच्या साहेबांना, ज्यांना आम्ही सगळे पाठीमागे जाहिरातवाला म्हणतो, तो अंक चाळताना माझं हसू पसंत पडलं. कंपनीने काढलेला फोटो कंपनीचा, असं त्याचं म्हणणं. दात माझे आहेत, असं माझं.

माझं काम काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचा राग कळेल. मी चहा चाखते. आमच्या चाखणीच्या खोलीत लांबलचक टेबल आहे आणि खिडक्या अशा बाजूला आहेत की ऊन थेट आत येत नाही, कारण उन्हात चहाचा खरा रंग कळत नाही. टेबलावर झाकणाच्या बुटक्या मगांची रांग, प्रत्येकात वजन करून टाकलेली पत्ती, वर उकळतं पाणी. घंटा वाजली की चहा कपात ओतायचा, भिजलेली पत्ती झाकणावर उलटी करून हुंगायची आणि मग चमचाभर चहा तोंडात ओढायचा. ओढायचा म्हणजे भुरका मारायचा, असा सणसणीत की घरात पोराने मारला असता तर पाठीत धपाटा बसला असता. चहा टाळूवर उडाला पाहिजे, त्याचा वास घशाच्या मागून नाकात चढला पाहिजे. आणि मग थुंकायचं. कमरेइतकी उंच पत्र्याची पिकदाणी असते, खाली चाकं असलेली. ती गुडघ्याने ढकलत रांगेबरोबर पुढे सरकायचं. भुरका, थुंक, पुढे. त्या खोलीत मी आजवर तोंडात घेतलेल्या चहाने एखादी विहीर भरेल, पण त्यातला घोटभरही माझ्या पोटात गेलेला नाही. गिळायला लागलं तर दुपारपर्यंत हात थरथरतील आणि शेवटचे सगळे कप सारखेच लागतील. घरी मी कॉफी पिते.

ही थुंकण्याची गोष्ट घराबाहेर गेली नाही ती सासूबाईंमुळे. लग्नानंतर मी कौतुकाने त्यांना माझं काम समजावून सांगितलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. "सून थुंकायच्या नोकरीला जाते असं चार लोकांत सांगू का मी?" असं म्हणून त्यांनी तो विषय कायमचा मिटवला. नातेवाइकांत मग मी 'चहा पिऊन पगार घेणारी' म्हणून प्रसिद्ध झाले. सासूबाई गेल्या, ती कीर्ती मागे राहिली.

ती सगळ्यात जास्त बसली होती त्यांच्या लेकीच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या डोक्यात.

वन्सं माझ्या नवऱ्याहून मोठ्या. लग्न केलं नाही, शाळेत खेळाच्या बाई होत्या. नोकरीतून निवृत्त झाल्या, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही. रस्ता ओलांडतानासुद्धा एखादी मोटार आगाऊपणा करू लागली तर वाजवतात, आणि मोटार थांबते. त्या आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एकट्या राहतात आणि दर रविवारी मी त्यांच्याकडे जाते. आम्ही भांडतो, एकमेकींचे केस रंगवतो आणि चहा पितो. त्यांचा चहा करायची रीत अशी: पाणी, पत्ती, दूध, साखर सगळं एकदम पातेल्यात घालायचं, गॅस मोठा करायचा आणि शेजारणीशी बोलायला बाहेर जायचं. आठवण झाली की परत यायचं. त्या चहाचा रंग विटेचा असतो आणि चव पातेल्याची.

वन्संच्या उजव्या छातीत गाठ निघाली. सुई घालून तपासणी झाली, कॅन्सर ठरला. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला तिघांनाही बसवून नीट सांगितलं: गाठ अजून लहान आहे, लगेच ऑपरेशन केलं तर बरं होण्याची आशा चांगली आहे, वाट बघण्यात मात्र काही शहाणपण नाही. तारीखही दिली. वन्संनी सगळं मान हलवत ऐकलं, आणि त्या दिवशी त्या दवाखान्यात गेल्याच नाहीत. आम्ही सामान घेऊन त्यांच्या दारात उभे, तर दाराला कुलूप. संध्याकाळी परतल्या. बागेत चालायला गेले होते, म्हणाल्या.

दुसरी तारीख मिळाली. तिच्या आधीच्या रविवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते, पुढ्यात तो विटेच्या रंगाचा चहा.

"ऑपरेशन नको म्हणून कळवलंय मी," वन्सं म्हणाल्या. दूधवाल्याला उद्या येऊ नकोस म्हणावं तशा सुरात.

"नको म्हणजे?"

"म्हणजे सध्या नको. आधी हे घेऊन बघते." आणि त्यांनी फडताळातून हिरवा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. तोवर तो डबा बाजारात आलाय हे मलाच माहीत नव्हतं. डब्यावरची मी माझ्याकडे बघून हसत होते.

मी डबा उलटसुलट करून वाचला. "वन्सं, हे कोणी केलं? मी नाही केलेलं. मी ह्या गोळ्या घेत नाही."

"गोळ्या नसशील घेत. चहा तर पितेस."

"चहासुद्धा पीत नाही. थुंकते मी तो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सासूबाईंनी झाकून ठेवलेलं सगळं मी सांगून टाकलं, भुरका, पिकदाणी, चाकं, सगळं. वन्सं विचारात पडल्या. मला वाटलं, जमलं.

"थुंकलीस तरी जिभेला लागतोच ना?" त्या म्हणाल्या. "नुसता जिभेला लागून तुझी तब्येत अशी ठणठणीत. मग गिळल्यावर काय होईल बघ."

"अहो वन्सं!"

"आणि खोटं असतं तर छापलं असतं का? तेही तुझा फोटो घालून? तुझी कंपनी तीसेक वर्षं तुझ्या जिभेवर चालते आणि तुझ्या तोंडावर खोटं छापेल?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. राग त्यांच्यावर नव्हता, कंपनीवर होता. मी कप रिकामा केला, डबा पिशवीत टाकला आणि निघाले. मागून वन्सं ओरडल्या, "नेलास तर दुसरा आणीन!" आणि आणलाही.

घरी नवरा डोकं धरून बसला. मोठ्या बहिणीशी तो आयुष्यात कधी वाद घालू शकलेला नाही. "तू सांग तिला," तो म्हणाला, "तुझं ऐकते ती."

"माझंच तर ऐकतेय! डब्यावरच्या माझं!"

डॉक्टरीणबाईंना मी फोन केला. ऑपरेशनच्या आधी असले दाट अर्क बंदच करायला सांगा, त्या म्हणाल्या, काहींच्या यकृताला ते सोसत नाहीत. आणि तारीख मी ठेवते, पण ही शेवटची समजा, रांग मोठी आहे. गाठ तुमच्या नणंदेची समजूत पटायची वाट बघत थांबणार नाही, हे त्यांनी म्हटलं नाही, मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे अर्कावर काम करणारी एक तरुण बाई आहे, चष्मेवाली. चष्मा डोळ्यांवर कमी आणि डोक्यावर जास्त असतो. मी डबा तिच्या टेबलावर आपटला. "हे तू सिद्ध केलंस?"

तिने डबा बघितला आणि खुर्चीत बसली. "मी जे केलं त्यातलं अर्धं इथे आहे."

"मग उरलेलं अर्धं मला सांग. आणि मला समजेल असं सांग."

"अर्क वाईट नाही," ती म्हणाली. "कापलेलं सफरचंद काळं पडतं ना, तशा तऱ्हेची झीज रोखणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. परीक्षानळीत आपला अर्क त्या बाबतीत जोरदार आहे, ते खरं आहे. मग मी तो ताटलीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर टाकला. दुसऱ्या दिवशी बघते तर पेशी मेलेल्या. खोटं कशाला बोलू, मी नाचले. आईला फोन केला."

"आणि मग?"

"मग मनात पाल चुकचुकली. पेशींना वाढवायला एक गुलाबी पाणी वापरतात. मी नुसत्या त्या गुलाबी पाण्यात, पेशी न घालता, अर्क टाकला. पाणी तपकिरी झालं आणि त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार झालं. जखम धुवायला वापरतात तेच. म्हणजे अर्क त्या पाण्यात, हवेतच बिघडत होता, आणि पेशी मरत होत्या त्या बिघाडाने. ते पेरॉक्साइड मोडून टाकणारं एन्झाइम घालून प्रयोग परत केला, तर बहुतेक पेशी खुशाल जगल्या."

"म्हणजे चहा कॅन्सरवर चालत नाही."

"असंही मी म्हणणार नाही." तिने चष्मा डोक्यावरून काढून पुसला. "शरीरात तो काय करतो मला माहीत नाही. काही करत असेलही. कितीतरी लोक शोधतायत, मीही शोधणार आहे. पण आज कोणी ऑपरेशन सोडून ह्या गोळ्या घ्याव्यात, असं माझ्या ताटलीत काही नव्हतं. ताटलीत ब्लीच टाकलं तरी पेशी मरतात."

"हे तू साहेबांना सांगितलं नाहीस?"

"बैठकीत सांगितलं. पण आधी 'पेशी मेल्या' म्हटलं, आणि टाळ्या सुरू झाल्या. पुढचं टाळ्यांत गेलं. नंतर परत सांगायला गेले तर म्हणाले, शास्त्रज्ञ लोक कुरकुर करणारच."

मला तिचा राग आला नाही, उलट तिला जवळ घ्यावंसं वाटलं. स्वतःच्या आनंदावर शंका घेणारी माणसं मला आवडतात. चाखणीच्या टेबलावरही पहिला कप छान लागला की मी तो परत करायला लावते.

तिथून तडक जाहिरातवाल्याच्या खोलीत. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझी तारीफ केली. मी तिन्ही परत केली. "डब्यावरून माझा फोटो काढा. आणि ते पेशींचं वाक्यही."

"पुढच्या छपाईला बघू या ना."

"माझी नणंद हा डबा बघून ऑपरेशन टाळतेय."

त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. तोही कुणाचा तरी भाऊ असेल. पण मग म्हणाला, "उपचार बंद करा असं आपण कुठे लिहिलंय? आणि एका घरातल्या प्रश्नासाठी आता सगळं थांबवायचं म्हणजे… परवा विक्रेत्यांचा मेळावा आहे. तुम्ही स्टेजवर हव्यात, पाहुण्यांना तसं कळवलंय. फार काही नाही, एक कप प्यायचा आणि फोटोतल्यासारखं हसायचं."

अंगाचा तिळपापड झाला होता, पण माझ्या तोंडून साखरेसारखं आलं, "येते की!" मी कधी कुणाला इतकं गोड बोललेली नाही. माझ्याबरोबर काम केलेला कुणीही माणूस ते ऐकून सावध झाला असता. जाहिरातवाला खूश झाला.

मेळावा आमच्याच इमारतीत, चाखणीच्या खोलीच्या मजल्यावरच्या सभागृहात होता. घरच्यांसाठी मिळालेलं आमंत्रण वन्संनी माझ्या नवऱ्याकडून उकळलं आणि इस्त्रीचे कपडे घालून, शिट्टी बाहेर दिसेल अशी अडकवून, पहिल्या रांगेत येऊन बसल्या. भावजयीचा सत्कार आहे असं त्यांनी शेजारी बसलेल्या विक्रेत्याला सांगून टाकलं होतं. चष्मेवाली दुसऱ्या रांगेत होती. मी तिला फक्त विचारलं होतं, "कुणी विचारलं तर उभी राहशील?" ती म्हणाली होती, "विचारलं तर का नाही राहणार?"

स्टेजच्या मागे माझा दाराएवढा फोटो. माझेच इतके मोठे दात मी प्रथमच बघितले.

मी आले ती बाजूच्या दारातून, पिकदाणी ढकलत. तिचं एक चाक कुरकुरतं, वर्षानुवर्षं कुणी तेल घालत नाही. सगळं सभागृह वळून बघायला लागलं. जाहिरातवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं, पण माइक हातात असल्यामुळे त्याला काहीतरी बोलणं भाग होतं. "आणि या आपल्या चाखणीतज्ज्ञ… त्यांच्या… अं… साधनासह!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने माझ्या हातात सोनेरी काठाचा कप दिला, गोळ्यांतलाच अर्क गरम पाण्यात कालवलेला. "आयुष्यभर चहा पिणाऱ्या बाईंच्या हस्ते शुभारंभ!"

माझ्या गळ्याशी बारकासा माइक लावला होता. मी चमचा खिशातून काढला, माझा नेहमीचा, कपातला चमचाभर चहा उचलला आणि भुरका मारला. माइकमधून तो भुरका असा निघाला की मागच्या रांगेतल्या एका गृहस्थाने डोकं खाली घातलं. चहा टाळूवर फिरवला. तुरट, पोकळ, उकळलेल्या काडीसारखा. मग वाकले आणि पिकदाणीत थुंकले. पत्र्यावर आपटलेल्या चहाचा आवाजही माइकने सगळ्यांना ऐकवला.

हसण्याचा स्फोट झाला. ते हसणं ओसरायच्या आत मी बोलायला लागले. "हे माझं काम. तीसेक वर्षं मी हेच करतेय. आयुष्यभर चहा प्यायले नाही, आयुष्यभर थुंकला. माझी तब्येत बरी आहे ती माझी आहे, चहाची नाही. घरी मी कॉफी पिते. डब्यावरचा फोटो मला न विचारता लावलाय. आणि एक सांगते, माझा चेहरा बघून कुणी ऑपरेशन पुढे ढकललं आणि त्याचं काही बरंवाईट झालं, तर ते माझ्या तोंडावर छापलेलं राहील. मला ते नको!"

एकदम गलका उठला. कुणी हसत होतं, कुणी उभं राहिलं होतं, जाहिरातवाला माझा माइक बंद करायला हात पुढे करत होता. एक जाडजूड विक्रेता ओरडून विचारत होता, "मग कॅन्सरचं काय? ते खरं की खोटं?" आणि चष्मेवाली उभी राहून काहीतरी सांगत होती, पण तिचा आवाज गोंधळात बुडून गेला. परत तेच होणार होतं. आधी टाळ्यांत गेलं, आता ओरडण्यात जाणार.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

ती शिट्टी शाळेच्या मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायची. सभागृहात ती कानात सुई घातल्यासारखी घुसली. सगळे गप्प. वन्सं पहिल्या रांगेत उभ्या होत्या, हात कमरेवर. "खाली बसा सगळे!" आणि आश्चर्य असं की सगळे बसले, जाहिरातवालासुद्धा. वन्सं चष्मेवालीकडे वळल्या. "हं, बोल बाळ. मोठ्याने. शेवटपर्यंत."

चष्मेवाली शेवटपर्यंत बोलली. गुलाबी पाणी, तपकिरी पाणी, पेरॉक्साइड, जगलेल्या पेशी, आणि 'मला माहीत नाही'. एक शब्द तिने गाळला नाही. तिचं झाल्यावर वन्संनी पर्स उचलली आणि मधल्या वाटेने, ताठ मानेने, माझ्याकडे न बघता निघून गेल्या.

सत्काराला आलेली बाई, तिच्या भावजयीने तिच्यासमोर चारशे माणसांत थुंकून तिचं औषध खोटं पाडलं. हिने आता हट्टाने उरलेले सगळे डबे खाल्ले तर? मी माइक ओढून काढला, पिकदाणी तिथेच सोडली आणि पळाले.

वन्सं बाहेर पायऱ्यांवर बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले. त्या रस्त्याकडे बघत होत्या.

"मला खुळी समजलीस तू," त्या म्हणाल्या.

"नाही हो वन्सं."

"समजलीस. गोळीने गाठ विरघळत नाही, हे काय मला कळत नव्हतं? पहिल्या दिवसापासून कळत होतं." त्यांनी उजवा हात डाव्या हाताने धरला. "डॉक्टरीणबाई म्हणाली, काखेतलंही काढावं लागेल. हात पूर्वीसारखा वर जाईल की नाही सांगता येत नाही. आयुष्यभर मैदानावर उभी राहून मी पोरांना 'हात वर' म्हणत आले गं. माझा स्वतःचा गेला नाही तर?" त्यांचा आवाज फाटला. माझ्यासमोर त्या कधी रडल्या नव्हत्या, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही. "मला भीती वाटली. आणि भीती वाटते म्हणून सांगायची लाज वाटली. तेवढ्यात दुकानात तुझा फोटो दिसला. म्हटलं, ही एवढी खात्रीने हसतेय, हिच्यामागे लपू या थोडे दिवस."

मी त्यांचा तो हात माझ्या हातात घेतला. "माझ्यामागेच लपायचंय ना? मग मी येते दवाखान्यात. खरी मी डब्यावरच्यापेक्षा जाड आहे, मागे भरपूर जागा आहे."

त्या हसल्या नाहीत. एकदम वळल्या. "घरी कॉफी पितेस?"

"हो."

"आणि माझ्याकडे? दर रविवारी कपच्या कप रिकामे करतेस ते?"

"ते गिळते."

"का? चांगला असतो?"

"वन्सं, तुमचा चहा माझ्या टेबलावर आला असता ना, तर मी तो पाठवणाऱ्यावर खटला भरला असता."

"मग गिळतेस कशाला?"

"तुम्ही केलेला असतो म्हणून," मी म्हटलं, आणि आता माझाच आवाज फाटला. "आयुष्यात गिळलेला तेवढाच एक चहा आहे माझा. मला तो पाहिजे. तुम्ही पाहिजे आहात मला. मरायला तुम्हाला माझी परवानगी नाही, आणि माझा फोटो दाखवून तर मुळीच नाही!"

वन्संनी रुमाल काढून नाक शिंकरलं, तेही शिट्टीसारखंच. मग उठल्या. "चल. तारीख आहे का अजून?"

तारीख होती. या वेळी आम्ही सामान घेऊन त्यांच्या दारात गेलो, तेव्हा त्या आधीच पायरीवर उभ्या होत्या आणि उशीर केल्याबद्दल माझ्या नवऱ्याला बोलल्या.

कंपनीत मला कुणी काढलं नाही. चाखणारी जीभ दुसऱ्या दिवशी बाजारात मिळत नाही. जाहिरातवाला जिन्यात मला बघून वरच्या मजल्यावर चढतो, मग त्याला खाली काम असलं तरी. नव्या डब्यावर माझ्याऐवजी चहाचं पान आलं आणि पेशींचं वाक्य गेलं, कारण विक्रेतेच त्याबद्दल विचारू लागले होते. 'आयुष्यभर आरोग्य' मात्र तसंच आहे. काही दुकानांत जुने डबेही अजून आहेत. मी दिसेल तिथे डबा उलटा करून ठेवते. दुकानदार सरळ करतो. मी परत उलटा करते.

ऑपरेशन नीट झालं. पुढचे उपचार आहेत, ते वन्सं शिव्या देत घेतात, पण घेतात. दवाखान्यातल्या त्या दिवसांत व्यायाम शिकवणारी मुलगी येऊन त्यांना भिंतीवर बोटं चढवायला लावायची. रोज जिथवर पोचतील तिथे पेन्सिलीची खूण. पहिल्या दिवशीची खूण खांद्याच्याही खाली होती, आणि ती बघून वन्संनी भिंतीकडे पाठ फिरवून घेतली होती.

एक दिवस त्या म्हणाल्या, चहा आण. मी म्हटलं, आता दाखवतेच. उत्तम पत्ती घेतली, पाणी नेमकं तापवलं, घड्याळ लावून मुरवला, दूध वेगळं नेलं. माझ्या कामाची सगळी अक्कल त्या थर्मासमध्ये होती.

वन्संनी उजव्या हाताने कप घेतला. मी मदतीला हात पुढे केला तर डोळे वटारले. कप थरथरत, हळूहळू वर चढला आणि तोंडापाशी पोचला. त्यांनी एकदा आजूबाजूच्या खाटांकडे बघितलं आणि असा भुरका मारला की नर्स दारातून डोकावली. चहा तोंडात घोळवला, भुवया उंचावल्या, आणि मग खाटेशेजारच्या स्टीलच्या पात्रात थुंकला.

"नापास," त्या म्हणाल्या. "पाणी आहे नुसतं. उकळायचा कंटाळा आला होता का?"

शेजारच्या खाटेवरची बाई टाके सांभाळत हसायला लागली. वन्संनी कप माझ्या हातात दिला, पाय खाली सोडले आणि भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. बोटं एकेक करून वर सरकायला लागली. कालच्या खुणेशी हात थांबला. दात आवळले, डोळे मिटले, आणि बोटं खुणेच्या वर गेली.

"खूण कर," त्या भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या. "आणि घरी गेल्यावर रविवारी ये. चहा मी करणार. तू निमूट गिळायचास."

मी खूण केली.